वाळूत भाजलेलं लाकूड

हरिचंद्र ओव्हाळच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत एकही केस नव्हता. आमच्या बुवापाड्यातली पोरं म्हणायची, हरिभाऊ रोज सकाळी हातांचीही दाढी करतो. खरं कारण असं, की मिसरूड फुटायच्या आधीपासून तो उल्हासनगरच्या कॅम्पात वाधुमल सेठच्या चणे-कुरमुऱ्यांच्या भट्टीवर उभा होता, आणि हातावर उगवायची हिंमत भट्टीनं केसांना ठेवलीच नव्हती.

'उभा होता' हे मी उगाच लिहिलेलं नाही. सेठच्या भट्टीची कढई कमरेइतक्या उंचीवर होती. कढईत तापलेली वाळू, वाळूत चणे, आणि हरिचंद्रच्या हातात लांब दांड्याचा झारा. चणे वाळूत टाकायचे, फिरवायचे, तडतडले की चाळणीवर काढायचे, वाळू खाली पाडायची, चणे टोपलीत. मग पुढचा घाणा. बसून हे जमत नाही. त्यामुळे हरिचंद्र सकाळी जो उभा राहायचा तो संध्याकाळी घरी येऊनच टेकायचा. आणि टेकल्यावर त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं, "वेणू, आज काही विचारू नको."

वेणूबाई विचारायचीच. "मी कुठं काय विचारलं? चहात साखर टाकू का, एवढंच म्हणत होते."

"टाक. पण बोलू नको."

आयुष्याकडं त्याचं एकच मागणं होतं. त्याला खुर्ची हवी होती. मंत्र्याची नव्हे, साधी बसायची. आमच्या गल्लीतला एक जण एमआयडीसीत वॉचमन होता. तो गेटवर स्टुलावर बसून दिवसभर बिडी ओढतो हे ऐकल्यापासून हरिचंद्र त्याच्याकडं लोक कलेक्टरकडं बघतात तसा बघायचा. "जयभीम साहेब," असं त्याला म्हणायचा, आणि ते 'साहेब' चेष्टेतलं नसायचं.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. मी तेव्हा वाधुमल सेठच्या दुसऱ्या धंद्यात, म्हणजे अंबरनाथ एमआयडीसीतल्या नाडीच्या कारखान्यात वायरमन होतो. नाडी म्हणजे लेंग्याची, परकराची. निम्म्या जिल्ह्याची अब्रू आमच्या मशिनींवर विणली जात होती, पण वीज बोर्डाला त्याचं काही नव्हतं. लाईट जायची, मशिनी थांबायच्या, आणि वायरमन म्हणून शिव्या मला मिळायच्या. शेवटी सेठनं डिझेलचं इंजिन घेतलं. डिझेल पीत पीत त्यानं सेठचंच रक्त प्यायला सुरुवात केली, तेव्हा कुणीतरी सुचवलं की लाकडापासून गॅस करणारं यंत्र निघालंय, सरकार त्याला मदतही देतं, ते इंजिनाला जोडा. डिझेल नावापुरतं लागेल.

ते यंत्र आलं. दिसायला पाणी तापवायच्या बंबासारखं, फक्त दोन माणसं उंच. म्हणून सगळे त्याला बंबच म्हणू लागले. वरून लिंबाएवढे लाकडाचे तुकडे टाकायचे, खाली जाळीवर विस्तव, आणि हवा मोजून मापून, अर्धपोटी. लाकडाला पुरतं जळूच द्यायचं नाही. मग ते तडफडतं आणि गॅस सोडतं. तो गॅस पाण्यातून, भुशातून, कापडातून गाळून इंजिनाला द्यायचा. ऐकायला झकास. पण लाकूड यायचं वांगणीकडच्या डोंगरातून, ओलंकच्च. त्याच्यातून निघायचा निम्मा वाफारा आणि निम्मं डांबर. डांबर कापडात बसायचं, नळ्यांत बसायचं, इंजिनाच्या व्हॉल्व्हवर बसायचं. सगळ्यांना बसायला मिळत होतं, एक हरिचंद्र सोडून. बंबावर ठेवलेला माणूस डांबर खरवडून खरवडून पळून गेला. जाताना कुणाला सांगूनही गेला नाही.

बंब सांभाळायला सेठनं जयदेव कर्णिक नावाचा डिप्लोमा झालेला इंजिनियर ठेवला होता. बदलापूरचा, सरळ माणूस, बोलताना नेहमी चष्मा पुसायचा. त्यानं कुठंतरी वाचलं होतं की लाकूड आधी बंद हवेत भाजून घेतलं, जाळायचं नाही, नुसतं भाजायचं, तर त्यातलं पाणी जातं, डांबर होणारा बराच भाग जातो, आणि मग गॅस स्वच्छ निघतो. भाजलेलं लाकूड पुन्हा दमटही होत नाही.

"किती भाजायचं?" सेठनं विचारलं.

"कॉफीच्या रंगाइतकं. अडीचशे डिग्रीच्या वर, तीनशेच्या आत. कमी झालं तर उपयोग नाही. जास्त झालं तर कोळसा. कोळशाचा गॅस चांगला निघतो, पण तोपर्यंत निम्म्याहून जास्त लाकूड धुरातच उडून जातं."

सेठनं सगळं ऐकलं आणि त्याला त्यातला एकच शब्द समजला. "भूनना है? अरे साईं, इसमें क्या है? भूननेवाला तो अपने पास है ना!"

असा हरिचंद्र नाडीच्या कारखान्यात आला. मागच्या बाजूला मातीची भट्टी घातली, उल्हासनगरहून जुनी कढई आणली, वाळू आणली. सेठनं कर्णिकच्या आणि माझ्या समोर त्याला सांगितलं, "हरी, तेरी लकडीपे इंजन पूरा शिफ्ट चला, बीच में बंद नहीं पडा, तो बंबवाला तू. कुर्सी पे बैठेगा, काटा देखेगा, बस."

हरिचंद्रनं बंबाजवळच्या त्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. लोखंडी होती, बसायला फळी, पाठीला फळी, वर पत्र्याची सावली. घरी जाऊन त्यानं वेणूबाईला सांगितलं.

"चणे भाजून निदान चणे खायला मिळायचे," ती म्हणाली. "लाकडं भाजून काय आणणार घरी?"

"मी बसून येणार आहे घरी. बसून दमायचं म्हणजे काय असतं ते बघायचंय मला."

पहिला घाणा कोळसा झाला. याला कारण होतं. चणा भाजला की तडतडून सांगतो. हरिचंद्र कान देऊन उभा राहिला, आणि लाकूड शेवटपर्यंत काही बोललंच नाही. काळं झालं तरी गप्प. सेठ आला, रास बघितली, आणि डोक्याला हात लावला. "लकडी भूनने को लकडी जलाता है, और भून के राख बनाता है! ये कौनसा धंदा है?"

"मुकं लाकूड आहे सेठ," हरिचंद्र म्हणाला. "त्याची सवय व्हायला वेळ लागंल."

मग कान सोडून नाकावर भाजायला लागला. धुराला आधी ओल्या फडक्याचा वास यायचा, मग आंबलेल्या ताकाचा आणि करपलेल्या गुळाचा. तो गुळाचा वास आला की कढई उतरवायची. कर्णिक रोज तुकडा मोडून बघायचा. कच्चं लाकूड चिवट असतं, वाकतं, मोडत नाही. नीट भाजलेलं काटकन मोडतं. काही घाणे कच्चे गेले, काही काळे. वाळूमुळं एक सोय होती. तुकडे वाळूत बुडलेले असल्यामुळं त्यांना हवा लागायची नाही, आणि सगळ्या बाजूंनी सारखी आच मिळायची. कर्णिक खूष होता. म्हणाला, वाळू ही कल्पना उत्तम आहे.

डोळ्यांची मात्र हरिचंद्रच्या पार वाट लागली. चण्याचा धूर सभ्य असतो, लाकडाचा नाही. संध्याकाळी तो डोळ्यांवर ओला रुमाल टाकून भिंतीला टेकायचा. मी विचारायचो, "काय हरिभाऊ, खुर्ची किती लांब?"

"दिसतेय," तो रुमालाखालून म्हणायचा. "डोळे असते तर अजून नीट दिसली असती."

पुरेशी रास झाल्यावर सेठनं दिवस ठरवला. सकाळी बंब भरला, पेटवला. कर्णिकनं गॅस जाळून दाखवला. एरवी ती ज्योत पिवळी, धुरकट असायची, त्या दिवशी निळसर आणि शांत होती. इंजिन लागलं. मशिनी लागल्या. जेवणाच्या सुट्टीत कर्णिकनं गाळायचं कापड काढून पाहिलं, तर ते नुसतं मळकं. डांबराचा पापुद्रा नाहीच. त्यानं ते कापड हरिचंद्रला असं दाखवलं, जसं काही ते त्याच्या मुलाचं प्रगतिपुस्तक होतं.

हरिचंद्रनं अजून खुर्चीला हात लावला नव्हता. शिफ्ट संपेपर्यंत बसायचं नाही, असं त्याचं त्यानंच ठरवलं होतं. तो खुर्चीच्या बाजूला उभा होता.

जेवणानंतर इंजिनाचा आवाज बदलला. आधी दम लागल्यासारखा, मग खोकल्यासारखा. काटा खाली यायला लागला. राख पाडायला कर्णिकनं जाळीचा दांडा हलवून पाहिला, तो हलेना. दोघांनी मिळून जोर लावला, तरी हलेना. मग इंजिन बंद पडलं, आणि सगळ्या नाड्या अर्ध्यात राहिल्या.

सेठ आला. ओरडला नाही, हे जास्त वाईट झालं. नुसतं म्हणाला, "हरी, सोमवारसे कॅम्प में आ जाना. चना वाला लडका भी ठीक नहीं है."

दुसऱ्या दिवशी बंब गार झाल्यावर कर्णिक, हरिचंद्र आणि मी जाळी उघडली. जाळीवर नारळाएवढा एक गोळा बसला होता, काळा-हिरवा, बाटली वितळल्यासारखा. फोडायला छिन्नी लागली. आत ठिकठिकाणी रेतीचे कण चमकत होते.

हरिचंद्रनं तो तुकडा हातात घेतला. "ही माझी वाळू."

कर्णिकनं चष्मा काढून पुसायला घेतला.

"चाळली होती ना मी," हरिचंद्र म्हणाला. "रोज चाळली. चण्याला नाही हो बिलगत ती. कुरमुऱ्याला नाही बिलगत. शेंगदाण्याला पण नाही."

"चण्याची साल गुळगुळीत असते," कर्णिक हळूच म्हणाला. "लाकडाच्या सालीला भेगा असतात. भेगांत बसून ती बंबात गेली. तिथं राखेबरोबर वितळली, काच झाली. मला सुचायला हवं होतं. मी तर वाळूचं कौतुक करत होतो."

"तुम्ही केलंत म्हणून तर मी अजून दोन फावडी टाकली."

यावर कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. हरिचंद्रनं झारा धुतला, रुमाल झटकला, आणि सोमवारी परत उल्हासनगरला चण्यांसमोर उभा राहिला.

त्या दिवसांत मी त्याच्या घरी एकदा गेलो होतो. वेणूबाईनं खूण केली, काही बोलू नका म्हणून. मग तीच बोलली. "आधी नुसते दमून यायचे. आता दमून येतात आणि गप बसतात. दमलेला माणूस परवडतो हो, हे नाही परवडत."

"मी ऐकतोय," आतून हरिचंद्र म्हणाला.

"ऐका. फुकट आहे."

इकडं कर्णिकच्या डोक्यातून गॅसचा तो निळा रंग जात नव्हता. लाकूड भाजून गॅस सुधारतो, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. चूक भाजण्यात नव्हती, वाळूत होती. मग त्याचं लक्ष इंजिनाच्या धुराड्याकडं गेलं. एवढी आग तिथून रोज फुकट आभाळात जात होती. त्यानं एक बंद पिंप घेतलं, त्याच्याभोवती दुसरं मोठं पिंप, आणि मधल्या पोकळीतून इंजिनाचा तापलेला धूर फिरवला. आतल्या पिंपात लाकूड. वाळू नाही, भट्टी नाही, वेगळं सरपण नाही. आतल्या पिंपाला एक बारीक नळी ठेवली, भाजताना निघणारा धूर बाहेर यायला. त्या धुराचा रंग बघायचा. पांढरा असेतो पाणी जातंय. पिवळट झाला की लाकूड भाजलं जातंय. तो विरळ व्हायला लागला की इंजिनाचा धूर दुसऱ्या वाटेनं सोडायचा, नाहीतर कोळसा.

सेठला हे पटलं, कारण याच्यात सरपण लागत नव्हतं. कर्णिक म्हणाला, "एक माणूस लागेल. नळीकडं बघत बसायला. हरिचंद्रला द्या. त्याची नजर धुरात मुरलेली आहे."

"पूरा शिफ्ट," सेठ म्हणाला. "वही शर्त. नहीं तो चना."

आदल्या दिवशीची भाजलेली रास सकाळपुरती होती. दुपारपासूनचं लाकूड त्याच दिवशी पिंपात भाजून निघायचं होतं. म्हणजे हरिचंद्रला सकाळभर फक्त नळीकडं बघायचं होतं. कर्णिकनं ती लोखंडी खुर्ची उचलून स्वतः पिंपासमोर, पण आच लागणार नाही इतक्या अंतरावर ठेवली.

"बसा."

"शिफ्ट झाल्यावर बसतो ना."

"अहो, हे बसायचंच काम आहे. उभं राहून नळी दिसणार नाही."

हरिचंद्र बसला. आधी टोकावर, उठायच्या बेतात. मग थोडा मागं. मग पाठ फळीला लागली. मी तेव्हा समोर मेनस्विचवर काम करत होतो, म्हणून मला दिसलं. त्यानं एक लांब श्वास सोडला. अंगावर थंडगार वारा यावा तसा त्याचा चेहरा झाला. पांढरा धूर निघत होता. इंजिन एका सुरात चाललं होतं. तीसेक वर्षांचं उभं राहणं त्याच्या पायांतून खाली उतरलं, आणि हरिचंद्र ओव्हाळ झोपला.

मला वाटलं, डोळे मिटून वास घेतोय. मी माझ्या वायरी जोडत राहिलो. वर बघितलं तेव्हा नळीतून धूर जवळजवळ येतच नव्हता.

मी कर्णिककडं धावलो. त्यानं येऊन आधी इंजिनाच्या धुराची वाट फिरवली, मग नळीला हात लावून पाहिला, मग हरिचंद्रकडं पाहिलं. तोंड उघडं, मान एका खांद्यावर, झारा धरायची सवय असलेला उजवा हात मांडीवर अर्धवट मिटलेला. मी त्याला हलवायला गेलो.

"राहू दे," कर्णिक म्हणाला. "बिघडायचं ते बिघडलं. आता उठवून काय करणार?"

पिंप गार झाल्यावर उघडलं. सगळा कोळसा. निम्मी रास नाहीशीच झालेली. दुसरं भाजलेलं लाकूड नव्हतं, म्हणून तोच बंबात भरला. कोळशाला काय, त्यात डांबर व्हायला काही उरलेलंच नसतं. इंजिन असं चाललं की काटा हललासुद्धा नाही. फक्त बंब तो गपागपा खात होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरायची रास शिफ्ट संपता संपता तळाला आली.

त्याच्या थोडं आधी सेठ आला. मशिनी चालू, काटा स्थिर. मग त्याचं लक्ष खुर्चीकडं गेलं.

"ये क्या? सोया है?"

कर्णिकनं चष्मा पुसला. "इंजिनाचा आवाज ऐकतोय, सेठ. डोळे मिटून बरोबर कळतो."

सेठनं एकदम आवाज खाली आणला. "अच्छा अच्छा." आणि चवड्यांवर चालत बाहेर गेला. त्या माणसाला आयुष्यात मी तेवढ्याच वेळी हळू चालताना पाहिलं.

भोंगा झाला तेव्हा हरिचंद्र दचकून उभा राहिला. "घाणा उतरवा!" असं ओरडला. मग त्याला कळलं तो कुठं आहे ते. नळीकडं बघितलं, पिंपाकडं बघितलं, जमिनीवर सांडलेले कोळशाचे तुकडे बघितले.

"इंजिन?"

"आत्ता बंद केलं. शिफ्ट पूर्ण झाली," कर्णिक म्हणाला. "खुर्ची तुमची. पण हरिभाऊ, ते लाकूड भाजलं गेलं नाही, जळालं. सेठनं आज रास बघितली नाही. उद्या बघेल, विचारेल, तेव्हा मी काहीतरी सांगेन. एकदाच. रोज नाही सांगता येणार."

हरिचंद्र मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "तीस वर्षं उभा होतो साहेब, कधी डुलकी आली नाही. बसल्याबरोबर..."

"हो. दिसलं."

दुसऱ्या दिवशी तो आमच्या आधी येऊन बसला होता. मी गेलो तर खुर्ची वेगळी दिसली. त्यानं वर्कशॉपमधून पाना आणि करवत मागून घेतली होती. पाठीची फळी काढून टाकली होती, लोखंडी दांडे बुंध्याशी कापून ठोकून सपाट केले होते. आता ती नुसती चार पायांची बैठक होती. तो तिच्यावर ताठ बसून नळीकडं बघत होता. टेकायला जायचा, मागं काही नसायचं, परत सरळ व्हायचा.

सेठनं ते पाहून त्याला झापलं, चांगली खुर्ची मोडली म्हणून. हरिचंद्र म्हणाला, "टेकली की झोप लागते सेठ. ही बरी आहे." सेठला ते समजलं नाही, पण इंजिन चालू होतं, म्हणून तो पुढं गेला.

त्या बैठकीवर तो पाच-सहा वर्षं बसला. त्याचं लाकूड पुढं क्वचितच काळं झालं, कच्चं अधूनमधून राहायचं. मग नव्वदनंतर कधीतरी लाईट जरा नीट राहायला लागली, डिझेल आणि लाकूड दोन्ही परवडेना, आणि सेठनं बंब भंगारात दिला. पण त्याआधी, बंब चांगला चालतो हे ऐकून आनंदनगरकडचे दोन कारखानदार बघायला आले होते. कर्णिकनं त्यांना पिंप दाखवलं, ज्योत दाखवली, कापड दाखवलं. त्यांतल्या एकानं हरिचंद्रला विचारलं, "दिवसभर इथं बसता? मग पाठ असलेली खुर्ची नाही का देत हे लोक?"

नळीतला धूर तेव्हा पिवळट व्हायला लागला होता. हरिचंद्रनं तिकडून नजर हलवली नाही.

"देतात हो," तो म्हणाला. "पाठीलाच सवय नाही."